जुन्या पीएस२ ला वायरलेस कंट्रोलर जोडायचा अडॅप्टर चालत नाहीये? मग या क्रमाने तपासा

पीएस२ (सोनीचा प्लेस्टेशन २ गेम कन्सोल) चालू आहे, डिस्क वाचतो, मेमरी कार्डातले सेव्ह पण शाबूत आहेत, फक्त सोबत आलेला वायरवाला कंट्रोलर गेलाय, अशी परिस्थिती खूप घरांत आहे. मग कुणीतरी सांगतं की अरे अडॅप्टर घे, तुझा पीएस४ चा किंवा एक्सबॉक्सचा रिमोट डायरेक्ट चालेल. आपण घेतो, लावतो आणि लाइट नुसता लुकलुकत राहतो. किंवा जोडला जातो पण दर दोन मिनिटांनी तुटतो, किंवा सगळं बरोबर दिसतं पण गेममध्ये गाडी वळतच नाही. मग आपण अडॅप्टरला डिफेक्टिव्ह म्हणून परत पाठवतो, दुसरा येतो, त्याचंही तेच.

माझ्याकडे हे झालंय आणि नंतर भाऊ, मित्र, शेजारी अशा बऱ्याच जणांचे पीएस२ मी यासाठी बघितले, त्यावरून एक गोष्ट पक्की सांगतो, अडॅप्टर खरंच मेलेला असण्याची वेळ कमी येते. बटण दाबल्यापासून गेममधला माणूस उडी मारेपर्यंत चार कड्या असतात: कंट्रोलर, मधली हवा, अडॅप्टर आणि कन्सोलचा पोर्ट. बहुतेक जण कंट्रोलरपासून सुरुवात करतात आणि तासन् तास पेअरिंगच (कंट्रोलर आणि अडॅप्टरची वायरलेस ओळख करून देणं) करत बसतात. तुम्ही उलटं करा, कन्सोलच्या टोकापासून या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालायला लागलं तर नक्की काय बिघडलं होतं ते कळत नाही, आणि महिन्याभराने परत तेच होतं.

आधी बघा तुमच्याकडे कुठल्या प्रकारचा अडॅप्टर आहे

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे स्वस्तातला २.४ गिगाहर्ट्झवाला सेट, ज्यात कंट्रोलर आणि पोर्टात लावायचा डोंगल एकत्र येतात. हा ब्लूटूथ नसतो, तो डोंगल फक्त त्याच्याच कंट्रोलरशी बोलतो, त्यामुळे डोंगल हरवला तर कंट्रोलर बिनकामाचा, आणि त्या डोंगलला पीएस४ चा रिमोट जोडायचा प्रयत्न कितीही केला तरी तो जोडला जाणार नाही. मी असे लोक बघितलेत जे दोन दिवस हे करत बसले होते, म्हणून आधीच लिहितोय.

दुसरा प्रकार तयार ब्लूटूथ रिसिव्हर, म्हणजे एटबिटडो कंपनीचा प्लेस्टेशनसाठीचा रेट्रो रिसिव्हर वगैरे. हे पीएस४, पीएस५, स्विच प्रो, ब्लूटूथवाला एक्सबॉक्स असे बरेच कंट्रोलर घेतात. तिसरा प्रकार ब्लूरेट्रोचा, हे मोफत आणि ओपन सोर्स फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) आहे जे ईएसपी३२ नावाच्या चिपवर चालतं. कुणी घरी बनवतं, कुणी तयार बनवून विकतं.

डब्यावर किंवा अडॅप्टरवर काय लिहिलंय ते वाचून ठरवा की तुमचा कुठला, कारण पुढचं निम्मं त्यावर अवलंबून आहे.

कन्सोलचा पोर्ट, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

पहिली टेस्ट अगदी सोपी, कुणाकडून तरी एक चालू वायरवाला कंट्रोलर अर्ध्या तासासाठी मागून आणा. डिस्क न घालता पीएस२ चालू करा, ब्राउझर आणि सिस्टम कॉन्फिगरेशनची स्क्रीन येईल, तिथे वर खाली करून बघा. वायरवाला चालला तर पोर्ट ठीक आहे, पुढच्या भागावर जा. वायरवालासुद्धा चालला नाही तर अडॅप्टरचा काही संबंधच नाही, तुमचा पोर्ट गेलाय किंवा घाण झालाय.

दोन्ही पोर्ट तपासायचे तर टू प्लेअर गेम लावा, एकात वायरवाला आणि दुसऱ्यात अडॅप्टर, थोडं खेळा, मग कन्सोल बंद करून दोघांची अदलाबदल करा. बिघाड अडॅप्टरबरोबर दुसऱ्या पोर्टात गेला तर दोष अडॅप्टरचा, आणि बिघाड त्याच पोर्टात राहिला तर दोष पोर्टाचा. एवढ्या साध्या टेस्टने माझा किती वेळ वाचलाय काय सांगू. आणि हो, लावताना काढताना कन्सोल बंदच ठेवा, चालू असताना उपटायची सवय लहानपणी सगळ्यांनाच होती पण आता ही मशीनं वीस वीस वर्षांची झालीत.

आता पोर्टाची साफसफाई. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत पिनांवर काळपट किंवा हिरवट थर चढतो, आणि माळ्यावर ठेवलेल्या कन्सोलमध्ये तर धूळ आणि दमटपणा दोन्ही. वायरवाल्या जुन्या प्लगने घासून घासून कसाबसा कॉन्टॅक्ट मिळत असतो, नवीन अडॅप्टरच्या प्लगचा साइज केसभर वेगळा असला की मिळत नाही. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल रिपेअरवाल्यांकडे आयपीए म्हणून मागितलं की मिळतं, लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तर सहज. कन्सोलचा प्लग भिंतीतून काढा, मऊ ब्रशवर थोडंसं घेऊन पिना हळू घासा, अडॅप्टरच्या प्लगची भोकंही पुसा, पंधरा वीस मिनिटं सुकू द्या आणि मग लावा. पाणी, कोलीन, गंज काढायचा तेलकट स्प्रे यातलं काहीही वापरू नका, तेलाचा थर राहतो आणि त्यावर परत धूळ चिकटते.

टॉर्च मारून पिना वाकल्यात का तेही बघा. पोर्टात एकूण नऊ पिना असतात, तीन तीनच्या तीन गटांत. एखादी आत दबलेली किंवा तिरकी दिसली तर बारीक चिमट्याने अगदी हळू सरळ करता येते, पण एकदाच, दोन तीन वेळा वाकवली की तुटते.

साफ करूनही काहीच नाही, अडॅप्टरचा लाइटसुद्धा लागत नाही? मग करंट येतोय का ते मोजायचं. कन्सोल चालू ठेवून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब पीएस२ च्या यूएसबी पोर्टाच्या बाहेरच्या धातूला लावा, तो ग्राउंड असतो, आणि लाल प्रोब कंट्रोलर पोर्टाच्या बरोब्बर मधल्या पिनला, म्हणजे मधल्या गटातली मधली. ही पाचवी पिन, कुठल्याही बाजूने मोजली तरी पाचवीच येते त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. तिथे साधारण ३.३ ते ३.६ व्होल्ट दिसायला पाहिजेत. शून्य दिसलं तर त्या लाइनचा फ्यूज उडालेला असण्याची दाट शक्यता आहे.

हे मोजताना हात स्थिर ठेवा. जवळच्याच गटात एक पिन कंट्रोलरच्या व्हायब्रेशन मोटरसाठी असते आणि तिच्यावर साडेसात व्होल्टच्या आसपास असतात. प्रोब घसरून दोन पिना एकत्र टेकल्या तर चांगला फ्यूजही जाईल. हात थरथरत असेल किंवा मल्टिमीटर कधी वापरलाच नसेल तर ही स्टेप रिपेअरवाल्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

फ्यूज मदरबोर्डवर असतात, तांदळाच्या दाण्याहून छोटे. जुन्या कंट्रोलरची वायर आतून तुटून एकमेकांना टेकली की तो उडतो, आणि हे अगदी कॉमन आहे कारण आपण सगळ्यांनीच ती वायर कंट्रोलरला गुंडाळून ठेवलेली असते आणि ती बरोब्बर मुळाशी तुटते. माझ्या पीएस२ चं हेच झालं होतं. जुना कंट्रोलर मेला, मला वाटलं फक्त कंट्रोलर मेला, पण जाता जाता तो पोर्टाचा फ्यूज घेऊन गेला होता. मी एका पाठोपाठ एक दोन अडॅप्टर मागवले, दोन्ही डेड वाटले, दोन्ही परत केले, आणि शेवटी एका ओळखीच्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांनी मीटर लावून पाच मिनिटांत सांगितलं की पोर्टाला सप्लायच नाहीये. ते दोन्ही अडॅप्टर बहुतेक चांगलेच असणार, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

फ्यूज बदलताना त्याच रेटिंगचा टाकायला सांगा. काही जण फ्यूजच्या जागी सरळ तार सोल्डर करतात, चालतं पण, पण मग पुढच्या वेळी शॉर्ट झाला की फ्यूजच्या ऐवजी मदरबोर्डची लाइन जळते आणि तो कन्सोल गेला. असला जुगाड अजिबात करू देऊ नका. आणि फ्यूज बदलल्यावर ज्या कंट्रोलरने तो उडवला तो परत लावू नका, टाकून द्या.

जुन्या फॅट म्हणजे जाड मॉडेलमध्ये अजून एक, पोर्टाची पट्टी मदरबोर्डला फ्लॅट केबलने जोडलेली असते. कुणी आधी कन्सोल उघडून लेन्स साफ केली असेल तर ही केबल नीट बसवायची राहते. त्यामुळे "लेन्स साफ करून आणला आणि तेव्हापासून कंट्रोलर चालत नाही" असं असेल तर आधी तीच केबल बघायला लावा.

पोर्ट ठीक आहे, लाइट लागतो, पण पेअर होत नाही

प्रत्येक कंट्रोलरचं पेअरिंग वेगळं आहे आणि इथे घाई नडते.

पीएस४ चा कंट्रोलर आधी पूर्ण बंद करा. मग शेअर बटण दाबून धरा आणि ते न सोडता पीएस बटण दाबून धरा, लाइट बार भराभर दोन दोनदा चमकायला लागेपर्यंत. नुसतं पीएस बटण दाबलं तर तो त्याच्या जुन्या मालकाला शोधतो, आणि घरात पीएस४ असेल तर तुम्ही इकडे पीएस२ समोर बसलेले आणि आतल्या खोलीत पीएस४ आपोआप चालू. लाइट हळू हळू चमकतोय म्हणजे तो जुनंच कनेक्शन शोधतोय, भराभर चमकला तरच पेअरिंग मोड. पीएस५ च्या कंट्रोलरला हेच, फक्त शेअरच्या ऐवजी क्रिएट बटण. एकदा अडॅप्टरशी जोडला की तो पीएस४ ला विसरतो, घाबरू नका, परत पीएस४ वर खेळायचं असेल तेव्हा यूएसबी केबलने जोडून पीएस बटण दाबा की झालं.

तरीही जमत नसेल तर रिसेट करा. पीएस४ च्या कंट्रोलरला मागे एल२ बटणाजवळ एक बारीक भोक आहे, पीएस५ च्याला मागे सोनीच्या लोगोजवळ. सिम काढायच्या पिनने पाच सेकंद दाबून धरा. अर्धी अडलेली पेअरिंग याने सुटतात.

पीएस३ चा कंट्रोलर या सगळ्यात वेगळा आहे. त्याच्यात शोधा आणि जोडा असा पेअरिंग मोडच नाही, कुणाशी बोलायचं त्याचा ब्लूटूथ पत्ता यूएसबी केबलने त्याच्या आत लिहावा लागतो. अडॅप्टरला केबलने जोडायची सोय असेल तर तसं करा, नाहीतर कम्प्युटरवर सिक्सअॅक्सिस पेअर टूल नावाचं छोटं सॉफ्टवेअर मिळतं, त्यात अडॅप्टरचा पत्ता टाकायचा. हे माहीत नसल्यामुळे लोक तासभर पीएस बटण दाबून धरतात.

स्विच प्रो कंट्रोलरला वर यूएसबी सी पोर्टाशेजारी छोटं गोल बटण आहे, ते धरा. एटबिटडोचे स्वतःचे कंट्रोलर वेगवेगळ्या मोडमध्ये चालू होतात, जुन्या एसएन३० प्रो सारख्यांत स्टार्ट आणि वाय म्हणजे स्विच मोड, स्टार्ट आणि एक्स म्हणजे विंडोज, स्टार्ट आणि बी म्हणजे अँड्रॉइड, स्टार्ट आणि ए म्हणजे मॅक. एका मोडमध्ये अडॅप्टरने घेतला नाही तर दुसऱ्या मोडमध्ये चालू करून परत पेअर करा, निम्म्या वेळा तेवढंच असतं.

दोन अडॅप्टर असतील तर पेअर करताना एकच लावा. दोन्ही एकदम पेअरिंग मोडवर असले की कुठला कंट्रोलर कुठल्या अडॅप्टरला पकडेल ते तुमच्या हातात राहत नाही.

एक्सबॉक्सच्या कंट्रोलरचा घोळ

यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात. एक्सबॉक्स ३६० चा वायरलेस कंट्रोलर ब्लूटूथ नाहीच, त्याचा रेडिओ मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा आहे, तो कुठल्याही ब्लूटूथ अडॅप्टरला कधीच जोडला जाणार नाही. एक्सबॉक्स वनचे सुरुवातीचे कंट्रोलरही ब्लूटूथ नसलेले. ओळखायचं कसं? मधल्या चमकणाऱ्या एक्सबॉक्स बटणाभोवतीचं प्लास्टिक बघा. ते वरच्या बंपरच्या पट्टीचा भाग असेल तर ब्लूटूथ नाही, आणि खालच्या पुढच्या बॉडीचाच भाग असेल तर ब्लूटूथ आहे. अजून खात्री हवी तर सेल काढून आतल्या स्टिकरवर मॉडेल नंबर बघा, १५३७ आणि १६९७ म्हणजे ब्लूटूथ नाही, १७०८ म्हणजे आहे, हा २०१६ ला आला. २०२० पासूनचा एक्सबॉक्स सिरीजवाला १९१४, त्यालाही आहे.

आता खरी गंमत पुढे आहे. ब्लूटूथचे दोन प्रकार, जुना क्लासिक आणि नवीन लो एनर्जी. १९१४ लो एनर्जीने बोलतो, आणि १७०८ सुरुवातीला क्लासिकवर होता पण २०२१ च्या सुमाराच्या फर्मवेअर अपडेटनंतर तोही लो एनर्जीवर गेला. म्हणजे कालपर्यंत मस्त चालणारा कंट्रोलर, कुणीतरी तो विंडोजच्या कम्प्युटरला लावून एक्सबॉक्स अॅक्सेसरीज अॅपमधून अपडेट केला आणि दुसऱ्या दिवसापासून अडॅप्टर त्याला ओळखत नाही. दोघांपैकी कुणीही बिघडलेलं नसतं, दोघांची भाषा बदललेली असते. उपाय एकच, अडॅप्टरचं फर्मवेअर अपडेट करायचं, नवीन व्हर्जनमध्ये सपोर्ट आलेला असू शकतो. तसा सपोर्ट कंपनीने दिलेलाच नसेल तर त्या अडॅप्टरला तो कंट्रोलर सोडा आणि पीएस४ वाला लावा.

फर्मवेअर अपडेट करताना

केबल. आधी केबल बदला. घरात पडलेल्या निम्म्या केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या वायर नसतातच, लाइट लागतो पण कम्प्युटरला काही दिसत नाही. ज्या केबलने तुम्ही मोबाइलमधले फोटो कम्प्युटरवर टाकता तीच घ्या. मग कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा अपडेटर उतरवा, नाव नीट मिळवून बघा, एकाच कंपनीचे सुपर निन्टेंडो, सेगाचा मेगा ड्राइव्ह, प्लेस्टेशन अशा वेगवेगळ्या कन्सोलसाठी वेगवेगळे रिसिव्हर असतात आणि त्यांची फाइल वेगळी. बऱ्याच अडॅप्टरना बटण दाबून धरून केबल लावली तरच ते अपडेट मोडमध्ये जातात. अपडेट चालू असताना केबलला हात लावू नका, लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असू दे, आणि लाइट जायची वेळ असेल तर नंतर करा. झाल्यावर जुनं पेअरिंग काढून सगळं नव्याने जोडा.

डुप्लिकेट कंट्रोलर

बाजारात पीएस३ आणि पीएस४ च्या नकली कंट्रोलरचा सुळसुळाट आहे, पॅकिंग हुबेहूब, वजनाला हलका. नकली वस्तू ओरिजिनलसारखी वागते पण पूर्ण नाही, पीएस४ वर किंवा मोबाइलवर चालते आणि अडॅप्टरवर अडते, किंवा जोडली जाते पण व्हायब्रेशन नाही, बटणं उलटीपालटी. कारण अडॅप्टरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी ओरिजिनल समोर ठेवून लिहिलेलं असतं. म्हणून तपासताना एकदा तरी शंभर टक्के ओरिजिनल कंट्रोलरने करून बघा, त्याने चाललं तर अडॅप्टरला दोष देऊ नका.

जोडला जातो पण मधेच तुटतो

सगळ्यात आधी बॅटरी. पीएस३, पीएस४ चे कंट्रोलर आता बरेच जुने झालेत, चार्ज फुल्ल दाखवतात आणि अर्ध्या तासात बसतात. रात्रभर चार्ज करून परत खेळा, तुटायची वेळ पुढे गेली तर बॅटरीच. फुगलेली वाटली, म्हणजे कंट्रोलरच्या दोन भागांमध्ये फट दिसायला लागली, तर चार्जच करू नका.

मग हवा. ब्लूटूथ, घरातला वायफाय, ते स्वस्त २.४ वाले डोंगल आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह, सगळे २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात. ब्लूटूथ ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत गर्दी टाळतो त्यामुळे तो बऱ्यापैकी तग धरतो, पण राउटर टीव्हीच्या शेजारी आणि त्याच्या खाली पीएस२, अशी मांडणी असेल तर कुणाचंच चालत नाही. राउटर दोन तीन फूट लांब करा, मोबाइल आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर टाका, राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ची चॅनेल रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. आणि शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क लावलेली असेल तर तीही लांब करा, तिच्या केबलमधून याच पट्ट्यात रेडिओचा व्यत्यय गळतो.

आपल्याकडे कन्सोल टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, काचेमागे, कधी तर लोखंडी रॅकवर असतो. पुढ्यात टीपॉय, त्यावर कुणीतरी पाय टाकून बसलेलं. माणसाच्या शरीरातलं पाणीसुद्धा हा सिग्नल शोषतं, त्यामुळे मधे कुणी बसलं की तुटतो आणि उठलं की जोडला जातो, हे खरंच होतं. यावर माझा आवडता उपाय म्हणजे पीएस२ ची कंट्रोलर एक्स्टेन्शन केबल. अडॅप्टर त्या केबलच्या टोकाला लावून कप्प्याच्या बाहेर, टेबलावर मोकळ्या हवेत ठेवायचा. बाबांच्या घरी टीव्ही युनिट लोखंडी फ्रेमचं आहे, तिथे दुसऱ्या कशानेही सुटलं नव्हतं ते या केबलने सुटलं. फक्त केबल अगदी स्वस्तातली घेऊ नका, आतली एखादी वायर सैल असली तर नवा घोळ. प्रत्येक बाइटनंतर (माहितीच्या प्रत्येक छोट्या तुकड्यानंतर) कंट्रोलर एका छोट्या पल्सने "मिळालं" असं कन्सोलला कळवतो, ती वायर तुटकी असेल तर बाकी सगळं ठीक असूनही कन्सोलला वाटतं की इथे काही लावलेलंच नाही.

२.४ वाल्या स्वस्त सेटचं असेल तर सेल बदला, डोंगल आणि कंट्रोलर दोन्हीवर सिंकचं बटण आहे का बघा, असेल तर दोन्ही पाठोपाठ दाबा. बरेच सेट काही मिनिटं हात लावला नाही की झोपतात, स्टार्ट दाबून उठवावे लागतात, तो बिघाड नाही.

घरी बनवलेल्या ब्लूरेट्रोवाल्यांसाठी

पहिलं, चिप बरोबर घेतलीत का? ब्लूरेट्रोला मूळ ईएसपी३२ च लागते. ईएसपी३२ एस३ किंवा सी३ नवीन आणि चांगल्या वाटतात पण त्यांच्यात क्लासिक ब्लूटूथ नाहीच, फक्त लो एनर्जी आहे, आणि पीएस४ चा कंट्रोलर क्लासिकवर बोलतो. दुकानदार "सगळं सेमच आहे" म्हणतो, ते सेम नाही.

दुसरं पॉवर. रेडिओ चालू होतो त्या क्षणी ही चिप एकदम करंट खेचते, आणि कंट्रोलर पोर्ट मुळात एका साध्या कंट्रोलरसाठी बनवलेला. बोर्ड चालू होतो, कंट्रोलर जोडायला गेलात की लाइट जातो, परत येतो, परत जातो, असं दिसलं तर व्होल्टेज पडून बोर्ड रिसेट होतोय. पीएस२ ला पुढे यूएसबी पोर्ट आहेत, तिथून बोर्डाला ५ व्होल्ट द्या, पण मग कंट्रोलर पोर्टाची पॉवर पिन बोर्डाला जोडलेली ठेवू नका, फक्त ग्राउंड आणि सिग्नलच्या वायर. दोन्हीकडून सप्लाय एकमेकांत घुसला तर कन्सोलला धोका आहे.

तिसरं, सेटिंग बदलायचं वेब पान क्रोममधून उघडतं आणि कुठलाही कंट्रोलर जोडलेला नसतानाच अडॅप्टर त्यात दिसतो. कंट्रोलर बंद करा, मग शोधा.

जोडला गेला, पण गेममध्ये नीट चालत नाही

पीएस१ च्या जुन्या डिस्क पीएस२ वर लावत असाल तर हे होणारच. अॅनालॉग स्टिकवाला ड्युअलशॉक कंट्रोलर १९९७ ला आला, त्याआधीचे बरेच गेम अॅनालॉग कंट्रोलर ओळखतच नाहीत, त्यांना डिजिटल मोड लागतो. ओरिजिनल कंट्रोलरवर मधे अॅनालॉगचं बटण असतं, अडॅप्टरवर त्यासाठी बटणांचं काहीतरी कॉम्बिनेशन दिलेलं असतं, मॅन्युअलमध्ये शोधा. उलट पीएस२ च्या गेममध्ये स्टिक हलवूनही काही होत नाही म्हणजे तुम्ही चुकून डिजिटलवर आहात.

दुसरी गोष्ट मात्र कुठल्याही सेटिंगने पूर्ण सुटत नाही. पीएस२ च्या ड्युअलशॉक २ ची बटणं किती जोरात दाबली ते ओळखायची. आजच्या पीएस४, एक्सबॉक्स, स्विचच्या मुख्य बटणांना ते येत नाही, दाबलं किंवा नाही दाबलं एवढंच. त्यामुळे ग्रॅन टुरिस्मो ३ किंवा ४ मध्ये एक्स बटणाने हळू अॅक्सिलरेटर देता येत नाही, गाडी सरळ फुल्ल थ्रॉटलवर आणि वळणावर घसरते. तिथे सेटिंगमध्ये अॅक्सिलरेटर आणि ब्रेक उजव्या स्टिकवर टाका, खूप छान कंट्रोल मिळतो. मेटल गिअर सॉलिड २ आणि ३ मध्ये बटण हळू सोडून गोळी न मारता बंदूक खाली घ्यायची असते, तिथे अडॅप्टरने पंचाईत होते, असे गेम मी आजही वायरवाल्या ओरिजिनलनेच खेळतो आणि तुम्हालाही तेच सांगेन.

बटण दाबल्यावर उशिरा रिअॅक्ट होतं अशी तक्रार असेल तर आधी तोच गेम त्याच टीव्हीवर वायरवाल्याने खेळून बघा. जुन्या डब्यावाल्या टीव्हीवर जे पटकन व्हायचं ते एलईडी टीव्हीवर उशिरा होतं, कारण पीएस२ चं जुनं पिक्चर मोठं आणि गुळगुळीत करायला टीव्हीलाच वेळ लागतो. टीव्हीच्या मेनूत गेम मोड चालू करा, पिक्चर सुधारायची सगळी सेटिंग बंद करा. वायरवाल्यानेही तेवढाच उशीर लागत असेल तर अडॅप्टर बदलून काहीही होणार नाही.

नव्वदीतल्या कार्ट्रिजवाल्या गेमबद्दल

बऱ्याच जणांकडे अजून ते टीव्हीला लावायचे कार्ट्रिजवाले व्हिडिओ गेम आहेत, ज्यांच्या पिना सेगाच्या किंवा अटारीच्या नऊ पिनांच्या पोर्टासारख्याच दिसतात. प्लग बसतो म्हणून मेगा ड्राइव्हचा वायरलेस रिसिव्हर त्यात घालू नका. आकार सेम असला तरी आतल्या वायरींचा क्रम वेगळा आहे, जिथे सिग्नल अपेक्षित तिथे ५ व्होल्ट जाऊ शकतात आणि रिसिव्हर किंवा कन्सोल दोन्हींपैकी एक जातं. निन्टेंडोच्या ओरिजिनल एनईएस कन्सोलसाठीचा रिसिव्हर तर बसणारच नाही, त्याचा पोर्ट सात पिनांचा. या मशीनसाठी आधी मल्टिमीटरने कुठल्या पिनवर ५ व्होल्ट आणि कुठल्यावर ग्राउंड आहे ते शोधून, कागदावर लिहून, मग वायर बदललेला कनेक्टर बनवून घ्या. माझ्या मामेभावाच्या गेमला मी असा बनवलाय, दोन कंट्रोलरपैकी एकाच पोर्टाला, कारण त्याचा दुसरा कंट्रोलर थेट आत सोल्डर केलेला निघाला, तुमचाही उघडल्यावर तसा निघू शकतो, तेव्हा कनेक्टर विकत आणायच्या आधी चार स्क्रू खोलून बघा.